पाच पात्यांचा पंखा

शिकलेली विहीण करू नये. सून शिकलेली चालते, ती पगार घरात आणते. विहीण शिकलेली असली की ती लेक घरातनं नेते.

आता हे मी कुणाला सांगू? स्थळ मीच बघितलेलं. पोरगी वारणानगरची, संयोगिता नाव, नाकीडोळी नीट, बोलायला गोड. तिची आई इंदुमती कॉलेजात विज्ञानाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, म्हणून मीच चारचौघांत मिरवलं, ‘आमची विहीण कॉलेजातली हाय.’ माझ्या तोंडाला तेव्हा कुणी फडकं का लावलं नाही कुणास ठाऊक.

आम्ही मूळचे नेसरीचे. माझे मालक शिरोली एमआयडीसीत ओतकामाला आले आणि हळूहळू स्वतःची भट्टी टाकली. पाण्याच्या पंपाची बॉडी आणि आतला पंखा, हे आमचं काम. मालक गेले तेव्हा माझा लेक सम्राट शिकत होता. मी चौथी शिकलेली बाई शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. बाया म्हणायच्या, शालूबाईची जीभ भट्टीपेक्षा गरम. असू दे. गरम होती म्हणून भट्टी चालली.

सम्राट हाताशी आला तरी मला विचारल्याबिगर पाऊल टाकत नसे. भंगार कुणाचं घ्यायचं, कामावर कुणाला ठेवायचं, चप्पल कुठली घ्यायची. ‘आई, काय करू?’ हे तीन शब्द कानावर पडले की माझा दिवस उजाडायचा. ते शब्द बंद कधी झाले ते मला नीट सांगता येतं. नाव बांधायला घेतली तेव्हापासनं.

महापुरात हायवेवर पाणी आलं तेव्हा आमच्या तालमीची पोरं नदीकाठच्या एका गावात दोर घेऊन पोहत गेली होती. गुंडू नावाचा सम्राटचा दोस्त त्यात वाहून जाता जाता राहिला, झाडाला अडकला म्हणून वाचला. तेव्हापासनं सम्राटच्या डोक्यात बसलं, दोर घेऊन माणूस कशाला घालायचा पाण्यात? रिमोटवर चालणारी मोठी नाव करायची. काठावर उभं राहून चालवायची. ती दोर आणि औषधाची पिशवी घेऊन घरापर्यंत जाईल.

काम पुण्याचं होतं, मला कौतुकच होतं. पाण्याच्या टाक्या करणाऱ्या एका कारागिराकडनं फायबरची नाव करून घेतली, माझ्याएवढी लांब. आमच्या शेडच्या कोपऱ्यात ती लाकडी घोडीवर बसवली. मी तिला हळदीकुंकू लावलं. आता तिच्या पोटात काय काय बसवायचं, एवढंच राहिलं होतं.

आणि तिथं विहीणबाई शिरल्या.

जेवायला बसलो होतो. सम्राटनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. फोनमध्ये इंदुमती. दोरी लावलेला चष्मा, मागं पुस्तकांचं कपाट. कपाट मुद्दाम दिसेल अशी बसायची ती.

“मम्मी, ही मोटर बघा,” सम्राट म्हणाला.

मला आई, तिला मम्मी.

“जावईबापू, एका व्होल्टला किती फेरे आहेत हिचे?”

“हजाराच्या आसपास. लई फास्ट हाय.”

“तुम्हाला शर्यत जिंकायची आहे की दोर ओढायचा आहे?”

“दोर.”

“मग ही परत पाठवा. फेरे कमी असलेली घ्या, अंगानं जाड. आणि मोटर आणि पंख्याच्या दांड्याच्या मध्ये पट्टा टाका. मोटरीला लहान चाक, दांड्याला मोठं. मोटर दोनदा फिरली की दांडा एकदा फिरेल. वेग जाईल, पण जोर येईल.”

“हे तर मी बी सांगितलं असतं की,” मी म्हटलं. “उसाच्या गाडीला बैल जुपत्यात, घोडं न्हाय.”

“आई, गप जरा. आवाज तुटतोय.”

आवाज तुटतोय! माझ्या घरात, माझ्या ताटासमोर, माझ्याच आवाजानं त्या बाईचा आवाज तुटत होता. मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि उठेपर्यंत एक अक्षर बोलले नाही. कुणाच्या ध्यानातही आलं नाही, ते जास्त लागलं.

पूर्वी आमच्यात लेकीच्या घरचं पाणी पीत नव्हते आईबाप. आता पाणी पीत नाहीत, पण फोनमधनं रोज ताटावर येऊन बसतात.

पुढं तेच. आमच्या शेडमध्ये लोखंडाचा चांगला सळईचा तुकडा पडला होता. मी लेथवाल्याकडनं घासून दांडा करून ठेवला. इंदुमती म्हणाली, पाण्यात गंजेल, स्टेनलेसचा घ्या. स्टेनलेसचा आला. मोटर आणि पट्ट्याचं चाक जोडायला काय, तर तिनं रबर बसवलेला जोड सांगितला, धक्का खातो म्हणे. तो आला. दांडा ज्या नळीतनं पाण्यात जातो त्या नळीत कुठलं ग्रीस भरायचं, तेसुद्धा तिनंच सांगितलं. ग्रीस! ज्या घरात ग्रीसच्या डब्यात पोरं लहानाची मोठी झाली, त्या घराला वारणानगरहून ग्रीस कळवलं. रोज दारात कुरियरचं खोकं. संयोगिता हसत हसत सह्या करायची, जसा काही माहेरचा आहेरच येतोय.

शेवटचं खोकं पंख्याचं. नावेच्या मागं पाण्यात फिरतो, नाव ढकलतो तो पंखा. मी उघडून बघितलं. काळं नायलॉन, तीन पाती, हातात धरलं तर बाटलीचं टोपण धरल्यासारखं.

मला हसू आलं आणि मग हसू गेलं. अहो, पंखे ओतणारं घर आमचं! सोनाराच्या सुनेनं गळ्यात प्लॅस्टिकचे मणी घालून लग्नाला जावं तशातली गत.

“सम्राट,” मी म्हटलं, “पंखा आपल्यात ओतू. पितळंचा.”

“आई, हा पंपाचा पंखा न्हाय गं.”

“पाणी तेच न्हवं?”

“मम्मींनी हिशोब केलाय. मोटरला किती झेपतंय, पट्ट्यानं किती जोर येतोय, त्यावर पंखा ठरतोय. तुला न्हाय कळायचं.”

बोलला आणि फोन कानाला लावून बाहेर गेला. रागानं बोलला असता तर मी परतून दोन दिले असते. सहज बोलला.

मी पंखा पदरात घेतला आणि आकारामकडं गेले. आकाराम आमचा साचेवाला. मालकांबरोबर आला, आता त्याच्या भुवयासुद्धा पिकल्यात, पण वाळूत हात घातला की अजून पोरगाच.

“आकाराम, ह्याचा ओतायचाय. पितळंत.”

त्यानं तळहातावर ठेवून फुंकर मारली. “वैनी, ही जत्रंतली भिंगरी हाय की.”

“तेच म्हणते मी. ह्यानं नाव हलंल?”

“डास हलंल.”

“मग आपल्या रीतीनं कर. पाती किती ठेवूया?”

“आपल्या पंपाला पाच हायत. पाणी विहिरीतनं माळावर फेकतंय.”

“मग पाच ठेव. आणि रुंद ठेव.”

ओतकामात एक रीत असते. ओतताना अंगावर जरा जास्त धातू ठेवायचा, मागनं घासून मापात आणायला. आकारामनं तसं ठेवलं. पंखा वाळूतनं निघाला, थंड झाला, लेथवाल्यानं भोक पाडलं, आणि आकाराम घासायला घेणार तोच मी त्याचा हात धरला.

“घासू नको. अंगानं भरलेला दिसू दे.”

“जड हुईल, वैनी.”

“जड असंल तर जोरानं ढकलंल. पैलवान काय वाळका असतोय?”

आकारामला ते पटलं. मलाही पटलं. ज्या दोघांचा जन्म पंपात गेला त्यांना दुसरं काय पटणार?

पिवळाधमक झाला तो पंखा. मी पदरानं पुसून सम्राटच्या टेबलावर ठेवला. त्यानं उचलला, हात खाली गेला त्याचा वजनानं. हसला.

“झकास झालाय, आई. शोकेसमध्ये ठेव.”

शोकेसमध्ये! मेलेल्या माणसाच्या फोटोशेजारी ठेवतात तिथं!

त्या रविवारी राजाराम तलावावर नाव सोडायची ठरली. नदीकाठच्या त्या गावची माणसं बघायला येणार होती. नाव चालली तर पावसाळ्याच्या आधी त्यांच्या गावात ठेवायची असं बोलणं होतं. सम्राट सकाळी उठून संयोगिताला घेऊन स्टँडवर गेला, विहीणबाईंना आणायला. एरवी मला दवाखान्यात जायचं असलं तर रिक्षा बोलावतो.

मी आकारामला बोलावलं. “बदल.”

“काय?”

“पंखा. ह्यो काढ, आपला बसव.”

“सम्राटदादा वळखंल की. पिवळा दिसतोय.”

पंपाच्या बॉडीला मारतो तो काळा रंग शेडमध्ये होता. मीच ब्रश घेतला. आकाराम पाना घेऊन खाली बसला. मला वाटत होतं, नाव तलाव कापत जाऊ दे, टाळ्या पडू देत, मग सगळ्यांच्या समोर रंग खरवडून दाखवते, बघा, कुणाचा पंखा! नायलॉनची भिंगरी मी पिशवीत टाकून बरोबर घेतली. विहीणबाईंच्या हातात द्यायला.

तलावावर बरीच माणसं जमली. तालमीची पोरं, गावची पावणं. गुंडू ट्यूब गळ्यात घालून तयार, नाव अडली तर आणायला. सम्राटनं गाडीतनं खुर्ची काढली. एकच आणली होती. ती कुणाला दिली हे सांगायला नको.

“विहीणबाई, तुम्ही बसा की,” इंदुमती मला म्हणाली.

“नको. मला उभं राहायची सवय हाय. मी नोकरीत बसून जिंदगी काढली न्हाय.”

ती हसली. तिला बोललेलं लागतच नाही. तो एक तिचा दुर्गुण.

पंख्याला धक्का लागू नये म्हणून मी मागनं पोतं बांधलं होतं, नाव पाण्यात टेकल्यावरच ते सोडलं. सम्राटनं रिमोट धरला. पंख्यानं पाणी असं उपसलं की मागं उकळी फुटल्यासारखं झालं. दोर सरसर सुटायला लागला. पोरं ओरडली. गावची माणसं पुढं सरकली, आणि एकजण म्हणाला, “आयला, ताकद हाय की हिच्यात!”

 मी इंदुमतीकडं बघितलं. ती पुढं वाकून बघत होती आणि तिच्या कपाळावर आठी होती. मला वाटलं, जळती आहे.

मग आवाज बदलला. गुंगुं होता तो घरघर झाला. नाव तलावाच्या मधोमध गेली आणि थांबली. सम्राट रिमोटवर अंगठा दाबतोय, दाबतोय, काही नाही. नाव वाऱ्याबरोबर आडवी झाली, मेलेल्या माशासारखी.

गुंडूनं जाऊन ओढून आणली. झाकण उघडलं तसा जळका वास आला. मोटरीला वीज कमीजास्त देणारा जो डबा असतो, कंट्रोलर म्हणतात, तो तापून फुगला होता. गावची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. “पुरात असं झालं तर?” एकजण हळूच म्हणाला, पण ऐकू आलं सगळ्यांना. सम्राटचं तोंड उतरलं. भट्टीत काम वाया गेलं की त्याच्या बापाचं असंच व्हायचं.

इंदुमती खुर्चीतनं उठली, चिखलात गुडघा टेकून नावेच्या मागं वाकली. पंख्यावर हात फिरवला. काळा रंग तिच्या बोटाला लागला. तिनं बोटं बघितली, पंखा बघितला, पात्यांवर नजर फिरवली. आणि मग माझ्याकडं बघितलं.

मी बघितलं तसंच. मान खाली घालणारी बाई मी नव्हे.

तिनं बोटं साडीला पुसली, नव्या साडीला, आणि पदर पंख्यावर येईल अशी उभी राहिली.

“जावईबापू, चूक माझी,” ती म्हणाली. “मोटर मी लहान सांगितली. हिशोबात चुकले.”

“न्हाय हो मम्मी, तुमची काय चूक?” सम्राट धावलाच. “तुम्ही बसा. पाय भरला बघा चिखलानं. गुंडू, पाणी आण. संयोगिता, चहा दे मम्मींना. अवो, एका हिशोबानं काय हुतंय? तुम्ही एवढं केलंसा माझ्यासाठी.”

आणि तो तिच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसला. लेक माझा. तिच्या पायावरचा चिखल स्वतःच्या रुमालानं पुसायला लागला.

दुसरी बाई असती तर सुटले म्हणून गप बसली असती. आळ विहिणीवर गेला होता, आयता. पण मला ते सोसलं नाही. चूक माझी आणि माया तिला? पंखा माझा, राग माझ्यावर यायला पाहिजे, आणि बसून घेतेय ती! बाईनं माझ्या लेकाचं प्रेम नेलं, सल्ला नेला, आता माझा दोषसुद्धा नेला!

“उठ तिथनं!” मी ओरडले. “तिचा काय संबंध न्हाय! पंखा माझा हाय! माझ्या भट्टीतला! पदर काढा हो तुमचा तिथनं, दिसू दे लोकांस्नी!”

मी पिशवीतली भिंगरी काढून सम्राटच्या पुढ्यात फेकली आणि नखानं पात्यावरचा रंग खरवडला. आतनं पिवळं झळकलं.

 मग गुंडू म्हणाला, “काकी, नावंला पंप बसवलासा व्हय?” आणि तालमीची पोरं फिदीफिदी हसली.

सम्राट उठला. पंखा बघितला, भिंगरी बघितली. कानापर्यंत लाल झाला.

“पाच पाती? आई, पाच? आणि घासला बी न्हाईस? अगं एवढा गड्डा घेऊन मोटर फिरंल कशी?”

“जोरानं ढकलत हुता की! सगळ्यांनी बघितलं!”

“ढकलत हुता, मरंस्तोवर! विचारायचं तरी मला!”

“तू इचारलंस मला? ह्या नावंचं एक तरी? दांडा इचारलास, ग्रीस इचारलंस? घरात आई हाय का मेली, तेवढं तरी इचार!”

 गावची पावणं चहाच्या टपरीकडं सरकली, भांडण घरचं आहे हे त्यांना कळलं. संयोगिता आईकडं बघत होती, आई तलावाकडं.

सम्राट माझ्यासमोर मातीत फतकल घालून बसला. रागात होता, पण बसला. हातवारे करून सांगायला लागला, पातं जेवढं रुंद, जेवढं जाड, तेवढं पाणी ते ओढायला बघतं. तेवढं ओढायला मोटर वीज जास्त मागते. कंट्रोलरमधनं तेवढी वीज जाऊ शकत नाही, तो तापतो, मरतो. पंपाचा पंखा बॉडीच्या आत फिरतो, पाणी बाहेरच्या कडेला फेकतो. नावेचा उघड्यावर फिरतो, मागं ढकलतो. मध्येच चिडायचा, “कळतंय का?” म्हणायचा, आणि परत पहिल्यापासनं सांगायचा. मी ऐकत होते. कितीतरी दिवसांनी तो माझ्याशी एवढं बोलत होता. शिव्या घातल्या असत्या तरी मी बसून ऐकल्या असत्या.

“म्हंजे एवढ्याशा घशात आख्खी भाकरी कोंबली मी,” मी म्हटलं.

“व्हय. बरोबर. आख्खी भाकरी.” त्याचा आवाज जरा उतरला.

तेवढ्यात इंदुमती बोलली. बोलल्याशिवाय राहणार ती? “जावईबापू, पितळेचाच करा पण. तीन पात्यांचा, पातळ, नीट घासलेला. पुराच्या पाण्यात लाकडं येतात, काट्याकुट्या येतात, नायलॉन तुटेल. हे मला आधी सुचायला हवं होतं.”

बघा. माझ्या भट्टीतला पंखा, आणि परवानगी हिची! मला तोंडात आलेलं बोलता येईना, कारण तिचं बोलणं माझ्या बाजूचंच होतं. असलं चांगुलपण माणसाला नागवं करतं.

सम्राट माझ्याकडं वळला. “आई, पातळ पातं ओतता येतंय काय? आपल्यात जमंल?”

ते तीन शब्द नव्हते, पण त्याच जातीचे होते. मी जरा वेळ लावला. लावायला पाहिजे.

“जमंल. पण माप तू स्वतः सांगायचंस. भट्टीजवळ येऊन, माझ्याशेजारी उभं राहून. फोनवरनं न्हाय.”

“बरं.”

“आणि त्या गावच्या माणसांस्नी जाऊन सांग, चूक आईची हाय, नावंची न्हाय. मी येते बरोबर.”

गेलो आम्ही दोघं टपरीवर. मी त्यांना तोंडावर सांगितलं, “पंखा मी घातला चुकीचा. नाव माझ्या लेकाची हाय, ती चुकत न्हाय. दुसरा पंखा बसवला की परत बघायला या.” त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, “येतो, आक्का. पण तवा तुम्ही रंग मारू नका.” मी त्याला चहा पाजला आणि मनात दोन शिव्या घातल्या.

परत आलो तर इंदुमती म्हणते, “मीसुद्धा राहते दोन दिवस. ओतकाम मी जन्मात बघितलं नाही.”

“या की,” मी म्हटलं. “लांब उभ्या राहा मात्र. ठिणग्या उडत्यात, साडी जळंल.”

दुसऱ्या दिवशी भट्टी लागली. सम्राट शब्दाला जागला. कामं बाजूला टाकून माझ्या खुर्चीशेजारी उभा राहिला, हातात माप, पात्याची जाडी किती, कडा किती, सुरुवातीपासनं सांगत होता. “आई, इथं बघ, इथं एवढंच ठेवायचं.” जे मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं.

पण माझा कान तिकडं. साच्याजवळ इंदुमती वाळू चिमटीत घेऊन बघत होती आणि आकारामला विचारत होती, ओल किती लागते, हवा कुठनं जाते. आणि तो आमचा आकाराम, जो मला कामाबिगर एक शब्द देत नाही, तो हसून हसून सांगत होता. मालकांची गोष्ट सांगत होता. माझ्या मालकांची! पहिली भट्टी पेटवली तेव्हा त्यांची मिशी कशी करपली ते. मलासुद्धा ठाऊक नव्हतं ते.

“आई, ऐकतीयास न्हवं?” सम्राट म्हणाला.

“ऐकतेय की,” मी म्हटलं, आणि मान न वळवता हाक मारली, “आकाराम! गप्पा मारायला ठेवलंय व्हय तुला? पितळ बघ, पितळ!”